शिवदाऱ्याचा डाग

दहावीच्या वर्षी माझी मान मागून काळी पडायला लागली, तेव्हा आईने सगळा दोष शिवदाऱ्यावर ढकलला. शिवदारा म्हणजे इष्टलिंग बांधून आम्ही गळ्यात घालतो तो दोरा. "घामानं रंग सुटतोय," म्हणत तिने पांढराशुभ्र नवा दोरा आणला. मान काळीच. मग डाळीचं पीठ झालं, लिंबू झालं, शेवटी सोलापुरी टॉवेलचं खरखरीत टोक. एवढ्या घासण्याने पितळेचा तांब्या उजळला असता. माझी मान नुसती लाल व्हायची आणि परत होती तशी.

हनुवटीवर राठ केस येत होते, गालांवर पुटकुळ्या, वजन वाढत होतं. प्रत्येक गोष्टीची लाज वेगळी. पाळी महिनोन्‌महिने यायची नाही, पण कटकट टळली म्हणून मी खुशीत होते. आमच्यात पाळीचा विटाळ मानत नाहीत. बाजूला बसायचं नाही, पूजा चुकवायची नाही. या रीतीचा मला आजही अभिमान आहे, पण तिच्यामुळेच पाळी आली की नाही हे घरात कुणाला कळायला मार्ग नव्हता.

मामाच्या लग्नासाठी बिनबाह्यांचा ड्रेस घालून बघताना आईला माझी काख दिसली. तीही काळी, जाडसर. आई थबकली.

"दोरा गळ्यात असतोय की. डाग काखेत कसा गेला?" मग हळूच म्हणाली, "पाळी कधी आलती गं?"

मला आठवेना.

लग्नासाठी वळसंगहून आलेल्या आत्याने लगेच बजावलं, "वयात आलेल्या पोरीला बायकांच्या डॉक्टरकडं नेऊ नगं. कोण बगितलं तर उद्या स्थळं यायची न्हाईत." मलाही तीच धास्ती होती. आमच्या शुक्रवार पेठेत बातमी पसरायला पाय लागत नाहीत. आईने तिचं ऐकून घेतलं आणि रिक्षा बोलावली.

डॉक्टरबाईंनी तपासण्या करून सांगितलं, "हे घासून जाणार नाही. मान, केस, पुटकुळ्या, पाळी, सगळं एकाच त्रासाचं आहे. पीसीओएस म्हणतात. औषध आहे, चालणं-फिरणं आहे, हळूहळू आटोक्यात येईल. आणि यात हिची काही चूक नाही." शेवटचं ऐकून मला रडूच फुटलं.

बाहेर आलो तर बाकावर नेमक्या गल्लीतल्या काकू. "काय ओ वहिनी, पोरीला काय झालं?"

मी घाईने पोटदुखीचं सांगायला लागले. आईने मला थांबवलं.

"पाळी येत न्हाय तिची वेळेवर. औषध चालू केलंय." आवाज नेहमीचाच, भाजीचा भाव सांगावा तसा. "लपवायचं काय त्यात? ताप आला असता तर सांगितलंच असतं की."

तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यानंतर गल्लीत कुणापासून काही लपवायची वेळ माझ्यावर आली नाही. आईचे हे उपकार फेडता येण्यासारखे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.