अर्ध्यावर राहिलेला तास

माघातली थंडी अजून हाडांतून गेली नव्हती. परतूरच्या अलीकडे, रुळांना लागून असलेल्या तुरीच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवलेली होती. मेंढरांभोवती रात्री उभी करायची जाळी, वाघर, दवानं भिजून जड झाली होती. त्रिंबक कोकरं एकेक उचलून आयांच्या पोटाखाली लावत होता आणि तोंडानं पुटपुटत होता, "एंजॉय, फिनिश, अव्हॉइड, यांच्यापुढं जेरंड. वॉन्ट, होप, डिसाइड, यांच्यापुढं टू."

"काय बडबडून राह्यला रे?" थोरला भाऊ कल्याण जाळी गुंडाळता गुंडाळता बोलला. "कोकराला मंतर टाकतो काय?"

"जेरंड हाय, दादा."

"हे कोणतं दुखणं निघालं आता? मेंढराला होतंय का?"

त्रिंबक हसला, पण हसू ओठांतच राहिलं. कल्याणही गंभीर झाला. "हे बघ, सोमवारपासून मी जालन्याला. लोखंडाच्या भट्टीवर लागलो. जबान देल्ली मी. आज तुझं झालं, तर मेंढरं इकून टाकू. न्हाई झालं, तर काठी तुझी."

काठी हातात आली की बिऱ्हाड घोड्यावर आलं. आज या गावच्या रानात, उद्या त्या गावच्या. त्रिंबकची पोरगी मनीषा सहावीत होती. वर्गात पहिली नव्हती, पण शाळेत जायला सकाळी उठवावं लागत नसे. त्रिंबक परतूरच्या शाळेत वर्षानुवर्षं तासिकेवर इंग्रजी शिकवत होता. आता तिथं कायमची एक जागा निघाली होती, तिच्यासाठी आज परीक्षकांसमोर तास घेऊन दाखवायचा होता आणि यंदा त्याची वयाची मर्यादा संपत होती. पुढच्या वेळेला त्याला कुणी अर्जसुद्धा करू देणार नव्हतं.

त्याची बायको इंद्रायणी गावातून इस्त्रीचा शर्ट पिशवीत बांधून घेऊन आली. मेंढरांचा वास लागू नये म्हणून तिनं पिशवीला दोन गाठी मारल्या होत्या.

"रस्त्याला लागल्यावर घाला," ती म्हणाली. "अन् अहो, पोरीला इथंच ठेवायचंय. येवढं ध्यानात असू द्या."

शाळेच्या दारात मुख्याध्यापिका प्रेमलाबाईंनी त्याला बाजूला घेतलं. बाई त्याचं भलं चिंतणाऱ्या होत्या. "सर, आज बाकांच्या मागं जायचं नाही. फळा, खडू आणि तुम्ही. जेरंड आणि इन्फिनिटिव्ह, दोन्ही घंटेच्या आत संपले पाहिजेत. परीक्षक कडक आहेत."

"व्हय बाई. बराबर."

बाई उगाच बजावत नव्हत्या. त्रिंबक नेहमी बाकांच्या मागून शिकवायचा. लहानपणापासून कळपाच्या पुढं कल्याण आणि मागं त्रिंबक, अशीच वाटणी. लंगडं, गाभण, रस्त्यात शेंगा दिसल्या की रमणारं, असं सगळं त्याच्या वाट्याचं. बापानं एकच शिकवलं होतं, मागचं मेंढरू आल्याबिगर पुढचं हाकायचं न्हाई. पायांनी तेच वर्गातही उचललं. फळ्यासमोर उभं राहिलं की त्याला पोरांचे चेहरे दिसत, पण कोण मागं राहिलंय ते कळत नसे.

त्याच्या आधी त्याच जागेसाठी आलेल्या चिन्मयी नावाच्या बाईंचा तास झाला. त्रिंबकनं दाराबाहेरून ऐकला. आवाज स्वच्छ, उदाहरणं नेमकी, दोन्ही भाग पूर्ण. घंटा झाली तेव्हा त्या फळा पुसत होत्या.

मग त्याची पाळी. नववीचा वर्ग. शेवटच्या बाकामागं खुर्च्या टाकून संभाजीनगरहून आलेले परीक्षक सुयश सर आणि प्रेमलाबाई बसले होते. त्रिंबक फळ्याजवळ उभा राहिला. त्यानं जेरंडची व्याख्या लिहिली. क्रियापदाला आयएनजी लागून त्याचं नाम होतं, असं सांगितलं. पहिल्या बाकावरच्या यशश्रीनं ताबडतोब उदाहरण दिलं. आता पुढं सरकायचं होतं.

तेवढ्यात त्याची नजर शेवटच्या बाकावर गेली. नंदा नावाची पोर वहीकडं बघत बसली होती. ते बघणं त्यानं हजारदा पाहिलं होतं. कळप पुढं निघून गेलाय आणि हे एकटंच बांधावर उभं.

'जाऊ नको,' तो स्वतःला म्हणाला. आणि गेला.

बाकांच्या मागं, परीक्षकांकडं पाठ करून, तो नंदाच्या खांद्याशी उभा राहिला. आवाज आपोआप सुटला. "मेंढरं चारणं मला आवडतं. यात 'चारणं' हे माझ्या आवडीचं नाव झालं का न्हाई? तसंच हे. आय एंजॉय ग्रेझिंग शीप. आता तू सांग, तुला काय आवडत न्हाई?"

"आय हेट पिक कॉटन," नंदा म्हणाली.

वर्ग हसला. "हसू नका रे, तिच्यासंगं गेल्ता का तुम्ही येचायला?" त्रिंबक म्हणाला. "पुन्हा बघ, नंदे. जल्दी न्हाई." आणि तो थांबला. सगळा वर्ग थांबला. सुयश सरांनी घड्याळ पाहिलं, प्रेमलाबाईंनी डोळे मिटले. नंदा ओठ हलवत राहिली, चुकली, पुन्हा चुकली, आणि मग एकदम म्हणाली, "आय हेट पिकिंग कॉटन!"

"आता शेजारणीला सांग."

तिनं सांगितलं. शेजारणीनं पुढच्या बाकाला. त्रिंबक फळ्याकडं धावला, खडू उचलला, 'इन्फिनिटिव्ह' लिहायला घेतलं, आणि घंटा झाली.

सुयश सर व्हरांड्यातल्या नळावर हात धूत होते. त्रिंबक मागोमाग गेला. "सर, टू आलं की पुढं मूळ क्रियापद. वॉन्ट टू गो. होप टू गेट. मला सगळं येतंय सर. पाच मिनिटं द्या, पोरं बसलेलीच हायत."

"सर, इन्फिनिटिव्ह मला येतं," सुयश सर रुमाल काढत शांतपणे म्हणाले. "त्या मुलीला समजलं, तेही मी पाहिलं. पण अख्ख्या वर्गाचा अर्धा धडा तिच्यापायी राहिला. तो कुणी शिकवायचा?"

सर खोटं बोलत नव्हते. तरी तो बोलला, "सर, माझी पोर..." आणि स्वतःचाच आवाज ऐकून मागं वळला.

दुपार कलताना प्रेमलाबाईंनी सांगितलं. निवड चिन्मयीबाईंची झाली होती. "मी बजावलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या आणि खिडकीकडं वळल्या.

रानात आला तेव्हा मेंढरं परतत होती. इंद्रायणी वाटेवरच उभी होती. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं.

"पोरीला काय सांगायचं?" एवढंच म्हणाली.

"मला न्हाई माहीत."

कल्याणनं काठी पुढं केली. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. "मंग काय, धर. मी पुढं होतो, आज अखेरचा."

त्रिंबकनं काठी घेतली. कळप वाघरीकडं वळला. एक मेंढी बांधाशी मागं राहिली होती, पुढचा पाय टेकवत नव्हती.

"शर्ट तरी काढा," इंद्रायणी म्हणाली.

तो ढेकळांत तसाच बसला, मेंढीचा खूर मांडीवर घेतला आणि नखानं काटा शोधू लागला.