विस्बीचे चार दिवस

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी माझा नवरा वॉटफर्डच्या स्टेशनवर पडला. हॉस्पिटलमधून मला फोन आला. मी पोहोचले तेव्हा तो गेला होता.

आम्ही पुण्याहून इकडे इंग्लंडला आलो त्याला तेव्हा सात वर्षं होत आली होती. तो इमारतींचा इंजिनिअर. मी एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते. चूक राहू द्यायची नाही, एवढंच माझं काम. घरातले सगळे फॉर्मही माझ्याकडेच असायचे. देशाबाहेर किती दिवस राहिलो हे नागरिकत्वाच्या अर्जात लिहावं लागतं, म्हणून मी पहिल्या वर्षापासून एक वही ठेवली होती. त्याचा एक रकाना, माझा एक. त्याच्या आईच्या आजारपणात तो पुण्याला गेला ते दिवस, माझ्या भाचीच्या लग्नाचे दिवस. दिवस मर्यादेपलीकडे गेले तर अर्ज अडतो हे मी वाचलं होतं, आणि त्याचीच धास्ती घेतली होती.

त्याला एकाच ठिकाणी जायचं होतं. बाल्टिक समुद्रात स्वीडनचं गॉटलंड नावाचं बेट आहे, त्यावर विस्बी हे जुनं बंदर. डेंटिस्टकडच्या मासिकातून त्याने तिथल्या एका चर्चच्या फोटोचं पान फाडून आणलं होतं. छप्पर केव्हाच पडलेलं, वर आभाळ, आणि दगडी कमानी मात्र इकडून तिकडे तशाच.

"वर काही नाही, तरी उभ्या आहेत," तो म्हणाला. "खाली उभं राहून बघायला पाहिजे."

मग दर काही महिन्यांनी जेवताना तो माझ्यासमोर अर्जदारासारखा हात जोडून बसायचा.

"मॅडम, चार दिवसांची परवानगी मिळेल का?"

"कारण?"

"कमानी बघायच्यात."

"कारण पुरेसं नाही. व्हिसा काढा, बोटांचे ठसे द्या, वर चार दिवस वहीत. इकडचा पासपोर्ट आल्यावर या."

"तोवर पडल्या तर?"

"इतकी शतकं थांबल्यात ना, अजून दोन वर्षं थांबतील."

"बाई, तुम्ही एअरपोर्टवरच्या काउंटरला बसायला हव्या होतात. एक माणूस आत आला नसता." असं म्हणून तो हसत वाटी पुढे करायचा. मी आमटी वाढायची.

तो गेल्यावर त्या शरद ऋतूत मी माझा एकटीचा अर्ज भरला. वही काढून बेरीज केली. मर्यादेच्या निम्मेही दिवस भरले नव्हते. मग त्याच्या रकान्याची बेरीज केली. गरज नव्हती, तरी केली. त्याचे माझ्याहून थोडे जास्त होते, पण निम्म्याच्या आतच. मी तीनदा तपासलं, कामात तपासते तसं, खाली पट्टी धरून. दर उन्हाळ्यात चार-चार दिवस गेलो असतो तरी काही अडलं नसतं. इतकी वर्षं मी रकाने भरत होते. बेरीज कधी केली नव्हती.

पासपोर्ट आला. त्याच्या पुढच्या ऑक्टोबरमध्ये मी गेले. स्वीडनच्या किनाऱ्यावरून बोटीला तीन तासांहून जास्त लागतात. सवयीने दोघांपुरत्या दशम्या करून घेतल्या होत्या. माझ्या वाटच्या खाल्ल्या, उरलेल्या तशाच डब्यातून परत आणल्या.

गावाभोवती दगडी तट आहे. गल्ल्या उतरत बंदराकडे जातात, आणि घरांच्या दारांशी त्या थंडीतही गुलाब होते. ते चर्च मी फोटोवरून लगेच ओळखलं. फाटकाला कुलूप होतं.

कुत्रा घेऊन चाललेल्या एक वयस्क बाई थांबल्या. मोसम संपला, त्या इंग्रजीत म्हणाल्या. "उन्हाळ्यात या ना. उन्हाळ्यात उघडं असतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता काही कुठे जात नाही ते."

त्या चांगल्या मनाने बोलल्या. मीही त्याच्याशी अशीच बोलायचे, इतक्याच चांगल्या मनाने. मी त्यांना थँक यू म्हटलं आणि गजांना धरून उभी राहिले. कुत्र्याने माझ्या बुटाचा वास घेतला. बाईंनी दोरी ओढली नाही, जरा वेळ थांबल्या, मग गेल्या.

गजांमधून दोन कमानी पूर्ण दिसत होत्या, तिसरी अर्धी. खालून कशा दिसतात ते कळत नव्हतं, आणि त्याला तेच बघायचं होतं. मासिकातलं पान माझ्या पर्समध्ये होतं. ते बाहेर काढलं नाही. चारही दिवस मी सकाळी फाटकाशी गेले. कुलूप रोज होतं. एका सकाळी पाऊस होता आणि कमानींच्या कडांवरून पाणी ठिबकत होतं. ते त्याला सांगावंसं वाटलं.

घरी आल्यावर बॅग उघडायच्या आधी वही काढून तारखा लिहिल्या. आता ती वही कुठल्याच अर्जासाठी लागणार नाही, हे लिहून झाल्यावर लक्षात आलं. खोडलं नाही.

वही ड्रॉवरमध्ये आहे, आत मासिकातलं ते पान आहे. शेवटची ओळ विस्बी, चार दिवस. माझ्या रकान्यात चार लिहिलं आहे. त्याचा रकाना कोरा आहे.