उरलेले साडेपाच तास

बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगलाही वास असतो. सरकीचा, कुजत चाललेल्या तागाच्या दोरांचा, छताच्या कैच्यांत अडकून राहिलेल्या रुईचा. आणि वैशाखातल्या दुपारी पत्रे तापून कडकडू लागले की हे सारे वास एकमेकांत मिसळून संथपणे खाली उतरतात. धामणगावच्या त्या शेडमध्ये त्यांच्या जोडीला बॅटरीतल्या ॲसिडचा आंबूस दर्पही असे, कारण तिथे माझा मोठा भाऊ विमान बांधत होता. हो, विमानच. गाव हसे. मीही हसले असते, पण त्या विमानात दोन आसनं होती आणि त्यातलं एक माझं होतं.

कपाशीची ती वाईट वर्षं होती. जिनिंगला तीन हंगाम कुलूप होतं, आणि दादा, ज्याची उभी हयात ट्रॅक्टरचं वायरिंग करण्यात गेली, त्याच्याकडे दुरुस्तीला कुणी फिरकत नव्हतं. रिकामे हात त्याला कधी मानवलेच नाहीत. मग त्याने लहानपणीचं एक वेड उकरून काढलं. तेव्हा पिकावर औषध फवारायला एक विमान आलं होतं, त्याच्यामागे शेतांच्या धुऱ्याधुऱ्याने ऊर फुटेस्तोवर धावताना तो मला म्हणाला होता, "तुले बसवीन एक दिवस." चाळीस वर्षांनी त्याने परदेशातून नकाशे मागवले, मोटारगाडीचं एक इंजिन पैदा केलं आणि जीपच्या मागच्या सीटमधून माझ्यासाठी आसन कापून घेतलं. मी अमरावतीला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असे. दर रविवारी एसटीने जायचं आणि विजेचं गणित करायचं, एवढं काम माझ्याकडे होतं.

गणित तसं सरळ होतं. त्या इंजिनाची ठिणगी विजेवर आणि पेट्रोलचा पंपही विजेवर. उडताना ती वीज अल्टरनेटर पुरवणार. तो मध्येच बंद पडला, तर बॅटरीने एकटीने इंजिन जिवंत ठेवायचं, विमान जमिनीला टेकेपर्यंत. मी प्रत्येक गोष्टीचे अँपिअर मांडले, उन्हाची आणि जुनेपणाची तूट धरली, आणि गाडीचा साधा अल्टरनेटर व एक लहानशी बॅटरी असा निकाल लिहून दिला. बॅटरी अर्धा तास चालली की झालं. आमच्याकडची काळी जमीन तळहातासारखी सपाट. उन्हाळ्यात अर्ध्या तासात विमान कुठेही उतरवता येईल.

दादाने कागद वाचला आणि पुढच्या रविवारी ट्रकचा अल्टरनेटर आणि ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या आणून ठेवल्या. मी चिडले. माझ्या आकड्यांना कुणी हात लावला की मी चिडतेच, वर्गातली पोरं याला साक्ष आहेत. तो बॅटरीचं झाकण पुसत शांतपणे म्हणाला, "लाइन गेली तं अर्ध्या घंट्यात येते का कुठी?"

मी त्याला समजावलं. दादा, वर गेल्यावर लाइनची वाट पाहत बसायचं नसतं, खाली उतरायचं असतं. त्याने ऐकून घेतलं. भारनियमनाने आमच्या साऱ्या मुलखाला वाट पाहण्याची जी सवय लावली होती, तीच हा माणूस आभाळात घेऊन निघाला होता, असं त्या दिवशी वाटून मला हसू आलं. मग एसटीत खिडकीशी बसल्यावर, पळसाच्या रानावर तिरपं ऊन पडलेलं असताना, ते हसू माझ्या तोंडावरच सुकलं.

आईला शेवटच्या वर्षी ऑक्सिजनचं यंत्र लागत असे. भारनियमन चार तासांचं, वेळापत्रक पेपरात छापून येई. इन्व्हर्टरची बॅटरी किती मोठी घ्यायची, हे मीच ठरवलं होतं. चार तासांना चार तास, अगदी नेमकं. माझी आई कणीक मळताना येईल-न येईल त्या पाहुण्याची एक मूठ नेहमी वाढवून घ्यायची, आणि तिच्या श्वासाचं गणित करताना मी मात्र एक मूठही वाढवली नाही. दादाने तेव्हा मला विचारलं होतं, "पुरते नं, शालू?" मी म्हटलं होतं, पुरते. एका दुपारी लाइन सहा तास आली नाही. बॅटरी साडेतीन तासांत बसली. मी अमरावतीला पेपर तपासत होते, दादा कुणाच्या तरी ट्रॅक्टरखाली. शेजारच्यांनी तिला दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, तशीही जाणारच होत्या. दादा मला कधीच काही बोलला नाही, आणि त्याने बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

विमानाचं वजन आम्ही जिनिंगमधल्या कापसाच्या काट्यावर केलं, एकेक चाक आळीपाळीने चढवून. नकाशात दिलेल्या मर्यादेपेक्षा ते सत्तेचाळीस किलोंनी जास्त भरत होतं, दादा आणि मी दोघंही धरून. मी काही सुचवायच्या आतच त्याने पाना उचलला. मला वाटलं, तो बॅटरी काढणार. पण तो माझ्या आसनाचे बोल्ट सोडवू लागला.

एक शब्द मी बोलू शकले असते. लहान बॅटरी, अर्धा तास, मला बसू दे. गणित माझ्या बाजूचं होतं. पण माझ्या गणितावर भरवसा ठेव, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? मी आसन धरून उभी राहिले, म्हणजे बोल्ट निघाल्यावर ते त्याच्या पायावर पडू नये.

"तू खाली राह्य," तो म्हणाला. रागाने नव्हे, अगदी मायेने. पाहुण्याला सावलीत बसवावं, तसं.

मग मी नवा कागद घेतला आणि हिशेब पुन्हा मांडला. टाकीत पेट्रोल अडीच तासांचं, बॅटऱ्या आठ तासांच्या. पेट्रोल संपून विमान खाली येऊन थांबल्यावरही साडेपाच तासांची वीज उरत होती, जिचा त्या इंजिनाला काडीचाही उपयोग नव्हता. ते तास कुणासाठी धरलेत, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

त्याने माझ्या खांद्यावरून कागदात डोकावून पाहिलं. वर पत्रा कडकडला, रुईचा एक चुकार पुंजका तरंगत बॅटरीवर येऊन बसला, तो त्याने बोटाने हळूच उचलला.

"आता पुरते नं, शालू?"

उत्तर एका शब्दाचं होतं, आणि या वेळी ते बरोबरही होतं. मी ते कागदाच्या तळाशी लिहिलं.