दुपारची कोरडी

कपडा नीट वाळलाय की अजून दमट आहे, हे ती डोळे मिटून सांगत असे. लाँड्रीत इस्त्री करण्यात तिची पंधरा वर्षं गेली होती. तिची लेक ठकू पाठीच्या कण्यात फट घेऊनच जन्मली. पाय लुळे, लघवीवर ताबा नाही. दर चार तासांनी कॅथेटरची नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं आणि त्याआधी पोर कोरडी होती की ओली, ते वहीत लिहायचं.

आज सर्जनबाईंच्या टेबलावर ती वही उघडी होती. शेजारी सोनोग्राफीचा रिपोर्ट. डावी किडनी सुजलेली.

"लघवी उलटी वर चढतेय," सर्जनबाई म्हणाल्या. "मूत्राशयाच्या दाबाची तपासणी काठावरची आलीय, म्हणून वही पाहिली. दुपारीसुद्धा सगळीकडे 'कोरडी'. म्हणजे मूत्राशय पुरेसं साठवतंय. किडनीकडून येणारी वाहिनी नव्याने बसवली की भागेल. छोटं ऑपरेशन."

"आणि मूत्राशयच आखडलेलं असेल तर?"

"तर आतड्याचा तुकडा जोडून ते मोठं करावं लागेल. नाहीतर दाब तसाच राहील आणि किडनी हातची जाईल. पण तुमचं तसं नाही."

छोटं ऑपरेशन. हेच ऐकायला तिचे कान आसुसले होते. दुपारी ती कामावर असे, कॅथेटर नणंद घाली. संध्याकाळी ओल्या चड्ड्यांची पिशवी हातात येई आणि ती वहीत 'कोरडी' लिही. पोरीचं पोट फाडायला लागू नये, एवढंच मनात.

दहा वर्षांची ठकू शेजारी बसून वहीकडे पाहत होती.

"सही इथे." सर्जनबाईंनी संमतीचा कागद पुढे केला.

तिने हातात घेतलेलं पेन वहीवर ठेवलं.

"दुपारचं खोटं आहे," ती म्हणाली. "ओलीच असते. रोज."

सर्जनबाईंनी कागद ओढून घेतला. "ताई, मी करून बसले असते हे."

तिला मान वर करवेना.

"आत्या म्हणायचीच," ठकू पुटपुटली, "पिशवी जड आणि वही कोरडी."

"गप्प बस."

"आता काय गप्प."

सर्जनबाई ठकूकडे वळल्या. "दाबाची तपासणी पुन्हा करू. मोठं ऑपरेशन लागलंच, तर अपेंडिक्सची वाट करून बेंबीतून कॅथेटर घालता येतं. तुझं तुला. हात चालतात ना नीट?"

"जीभही चालते," आई खालमानेनेच म्हणाली.

ठकू हसली नाही. "दुखेल का खूप?"

आईच्या ओठांवर 'नाही गं' आलं होतं. तिने ते गिळलं.

"हो," सर्जनबाई म्हणाल्या. "बरेच दिवस."