नजर कोणाची कोणावर

पद्माकर देवस्थळींची परराष्ट्र खात्यातली सगळ्यात अवघड नेमणूक एका हुकूमशाही देशात झाली होती. तिथले अधिकारी घरी जेवायला यायचे ते कधी एकटे नाही, कायम दोघंदोघं. त्यातले दावरसाहेब राजशिष्टाचार विभागातले, गप्पिष्ट. सोबतचा मोरान मात्र अबोल.

"अहो, भात वाढू का विचारलं तरी आधी एकमेकांकडे बघतात," पद्माकरांच्या पत्नी लताबाई म्हणायच्या.

दोघांपैकी कोण कोणावर पाळत ठेवतोय, हे कोडं पद्माकरांना बदली होईपर्यंत सुटलं नाही.

निवृत्तीनंतर नवरा-बायको परदेशात, सँडीफोर्डला लेकीकडे आले. केतकी शनिवारी तिथल्याच क्लोनडॉकिन भागातल्या कम्युनिटी सेंटरमध्ये आश्रयाला आलेल्यांना इंग्रजी शिकवायची.

"बाबा, तुमची ती अवघड नेमणूक होती ना, तिकडचे एक आजोबा आलेत. तुम्हाला त्यांची भाषा येते ना? चला की!"

पद्माकर गेले. खिडकीपाशी जाड स्वेटर घातलेला म्हातारा बसला होता. त्यानं मान वर केली आणि दोघांनी एकमेकांना ओळखलं. ते दावरसाहेब होते.

हवापाण्याचं बोलणं झालं, चहा आला. पद्माकरांना राहवेना. त्यांनी दावरांच्याच भाषेत विचारलं, "एक सांगाल? तुमच्यावर नजर ठेवायला मोरान यायचा, की त्याच्यावर तुम्ही?"

दावरांनी कप खाली ठेवला. "मला वाटायचं, तो माझ्यावर ठेवतोय. म्हणून त्याच्यासमोर मी कधी मनातलं बोललो नाही. मग एका सकाळी त्याला उचलून नेलं. तेव्हा कळलं, तोही माझ्याइतकाच घाबरलेला होता."

"परत आला?"

"नाही."

पद्माकरांनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

"आता माझी पाळी," दावर म्हणाले. "तुम्ही आम्हाला का बोलवायचात?"

खोटं बोलण्यात आता अर्थ नव्हता. "तुमच्याकडे काय चाललंय ते काढून घ्यायला. दुसऱ्या दिवशी सगळं दिल्लीला कळवायचो."

दावर खळखळून हसले. "आणि आम्ही तुमचं वर कळवायचो! पण कळवण्यासारखं तुम्ही कधी काही बोललाच नाहीत."

पद्माकरही हसले. इतक्या वर्षांत या माणसासमोर आपण पहिल्यांदाच मोकळं हसतोय, हे त्यांना जाणवलं.

घरी येऊन त्यांनी सगळं लताबाईंना सांगितलं. त्या कणीक मळता मळता थांबल्या. "मोरानची बायको एकदा आली होती, आठवतं? माझ्याकडून लोणचं शिकून गेली. तिचं काय झालं?"

"ते नाही विचारलं."

"तेच विचारायचं होतं ना!"

पुढच्या शनिवारी केतकी तयार व्हायच्या आधीच पद्माकर बूट घालून दाराशी उभे होते. दावर भेटताच त्यांनी पहिला तोच प्रश्न केला.

"आहे. सरहद्दीपलीकडे भावाकडे असते, मुलांना गाणं शिकवते," दावर म्हणाले. "मी तिला अजून फोन केलेला नाही. काय बोलू?"

पद्माकरांनी आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "करून तर बघू. मी बसतो इथे."