आमच्या गाडीतले अर्थ

रोज एकाच गाडीने नाशिकहून सिन्नरच्या शाळेत जाणारे मास्तर काही वर्षांनी वेगळीच भाषा बोलू लागतात. ती कुणी ठरवत नाही. काहीतरी घडतं, आम्ही तिघं हसतो आणि शब्द गाडीतच राहून जातो.

*

गायकवाड सर बायकोला घेऊन पैठणीसाठी येवल्याला गेले. दिवस दुकानात गेला आणि घेतली ती पहिलीच दाखवलेली! तेव्हापासून कुठलाही खोळंबा म्हणजे येवला.

एकदा मुख्याध्यापकांनी उशिराचं कारण विचारलं. गायकवाड बोलून गेले, "सर, वाटेत येवला झालं."

मुख्याध्यापक भूगोलाचे. ते बराच वेळ भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिले.

*

पगारे सर मागच्या सीटवर घोरत होते. त्यांच्या घरून फोन आला, तो गायकवाडांनी घेतला. "वहिनी, सर मीटिंगमध्ये आहेत."

झोपेला नाव मिळालं. पुढे शाळेत खरीच मीटिंग लागली, तर नोटीस वाचून पगारे म्हणाले, "उशी आणायची का?"

*

पगारे मराठी शिकवतात. त्यांचं म्हणणं, "आपण तिघांनी बोलून काय होतंय? नवीन माणूस अर्थ न विचारता वापरेल, तेव्हा शब्द खरा."

"म्हणजे नवी सून न विचारता फ्रिज उघडते, तसं!" इति गायकवाड.

*

सुमन माझी बायको. ती मला दोन डबे द्यायची. एक माझा, दुसरा ज्याने आणला नसेल त्याचा. हळूहळू त्या दुसऱ्या डब्यालाच हे लोक सुमन म्हणू लागले. "आज सुमनमध्ये काय?"

तिला कळलं तेव्हा म्हणाली, "आता कुकरला सासूबाईंचं नाव द्या म्हणावं!"

मागच्या वर्षी ती गेली. दुसरा डबा मी चालू ठेवला, पण शब्द बंद पडला. माझ्यासमोर 'एक्स्ट्रा डबा'. एकदा मी गाडीचं दार उघडलं आणि गायकवाडांनी "सुम..." एवढ्यावरच तोंड मिटलं. माझ्या माघारी म्हणत असावेत. मला ते नाव ऐकायचं होतं, पण तसं सांगणार कसं?

*

यंदा एकलहऱ्याची अस्मिता जाधव शाळेत लागली. आमच्याच गाडीतून येते. परवा ती डबा विसरली. जेवणाच्या सुट्टीत मी दुसरा डबा तिच्यापुढे सरकवला. "घ्या, एक्स्ट्रा आहे."

तिने एक घास खाल्ला.

"सर, आज सुमनमध्ये मीठच नाही!"

गायकवाडांचा घास हातातच राहिला. पगारे सरांनी पाण्याची बाटली उघडली आणि तशीच बंद केली.

मी म्हटलं, "उद्याच्या सुमनमध्ये घालतो."