घासूनपुसून दिलेला कूलर

आमच्या सोसायटीत यमुनाबाई सेलूकरांना सगळे वचकून असतात. टेलिफोन केंद्रात ऑपरेटर म्हणून त्यांनी उभी नोकरी काढली, आणि त्या नोकरीतला आवाज निवृत्त होताना काही त्यांनी परत केला नाही. फोनवर नुसतं "बोला" म्हणाल्या तरी पलीकडचा माणूस सरळ बसतो. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. माझं नाव नीरजा, स्वभाव तिरसट, आणि स्वतःपेक्षा तिरसट माणूस मला मनापासून आवडतो. म्हणून आमचं जमलं.

तरी गेल्या उन्हाळ्यापासून त्यांच्याबरोबर कुठं जायचं म्हटलं की मी आधी सबब शोधते. मंगल कार्यालय असो, दवाखाना असो, नाहीतर चिकलठाण्यात कुणाची वास्तुशांत असो, यमुनाबाई आत शिरल्या की आधी कूलर शोधतात. त्यांच्या पर्समध्ये रुमाल, रक्तदाबाच्या गोळ्या आणि टेस्टर असतो. टेस्टर पत्र्याला लावून बघतात, मग मागं वाकून कंपनीच्या पट्टीवरचा नंबर वाचतात. यजमानांचे चेहरे बघण्यासारखे होतात. म्हातारीला वेड लागलं असं लोक माझ्या कानात सांगतात, आणि मी त्यांना जेवणाकडे लक्ष द्यायला सांगते. एका लग्नात वधूच्या मामाशी यावरून माझं कडाक्याचं भांडणही झालेलं आहे.

झालं ते असं. मागच्या पाडव्याला त्यांनी क्रांती चौकाजवळच्या एका दुकानातून लोखंडी बॉडीचा मोठा कूलर घेतला. दुकानाचे मालक सर्जेराव यांनी स्वतः नारळ दिला. घरी अनंतरावांनी, म्हणजे यमुनाबाईंच्या यजमानांनी, कूलरवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. अनंतराव कोर्टातून निवृत्त झालेले, आणि इतके सज्जन की राँग नंबर लागला तरी जेवण झालं का म्हणून विचारतील.

नळाला पाणी आलं त्या दिवशी यमुनाबाई बादलीनं चालू कूलर भरत होत्या. फरशी ओली, पाय ओले. हात पत्र्याला लागला आणि खांद्यापर्यंत झणका गेला. बादली एकीकडे, त्या दुसरीकडे. आवाज ऐकून मी वर धावले तर त्या भिंतीला टेकून बसलेल्या, आणि अनंतराव कूलरवर तळहात ठेवून उभे.

"मला तर काहीच लागत नाही," ते म्हणाले. "तुझं प्रेशर वाढलं असेल."

मी त्यांच्या पायांकडे बघितलं. अनंतरावांना मधुमेह, म्हणून डॉक्टरांनी घरातसुद्धा रबरी चपला घालायला सांगितलेल्या. यमुनाबाईंच्या घरात मात्र देवघर आणि स्वयंपाकघर लागून, तिथं त्या आयुष्यात कधी चप्पल घालून वावरल्या नाहीत. एकाच घरातल्या दोन माणसांना एकच कूलर वेगवेगळा वागवत होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या वस्तूची भीती वाटली.

कंपनीचा माणूस आला. दारात बूट काढले, पण पायात मोजे, आणि उभा राहिला तो सतरंजीवर. कूलरवर दोनदा थाप मारली आणि म्हणाला, "मावशी, कूलर ओके आहे. तुमच्या घराची अर्थिंग खराब आहे."

"मोजे काढा, पाय ओले करा आणि मग हात लावा," यमुनाबाई म्हणाल्या.

तो हसला, पण मोजे काही काढले नाहीत.

मग आमच्या सोसायटीचं वायरिंग बघणारे नवाबभाई आले. घराची अर्थिंग त्यांनी तपासली, ती चांगली होती. कूलरची मागची जाळी काढून बघितलं तेव्हा पंपातून करंट पत्र्यावर उतरत होता, आणि तो जमिनीत नेणारी हिरवी वायर आतल्या आत कापून, दुमडून, टेप लावून सोडलेली होती. पत्र्याला जोडलेलीच नव्हती. नवाबभाईंनी पेचकस हातात घेतला. "दो मिनिट का काम है आपा, पंप बदलतो, वायर जोडून टाकतो."

"हात लावू नका," यमुनाबाई म्हणाल्या. "तुम्ही दुरुस्त केला तर कंपनी म्हणणार दोष नव्हताच. आहे तसाच राहू द्या."

मला तेव्हा त्यांचा राग आला, खरं सांगते. जिवावर बेतणारी वस्तू घरात जपून ठेवायची म्हणजे काय? पण त्यांनी कंपनीला मेल केला, ग्राहकांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि सगळ्यांनी हात झटकल्यावर जिल्हा ग्राहक आयोगात स्वतःच अर्ज लिहून दिला. वकील केला नाही. लागतही नाही म्हणाल्या. पैसे परत मागितले ते होतंच, पण त्यांच्या अर्जातली खरी मागणी वेगळी होती. हा माल धोकादायक आहे, तो बाजारातून मागं घ्यावा आणि हा कूलर पुन्हा कुणालाही विकू नये. कायद्यात तशी मागणी करता येते, हे मला त्यांच्यामुळेच कळलं.

"पैशाचं नंतर बघू हो," त्या मला म्हणाल्या. "मी टेलिफोनवाली. मला करंट लागला तेव्हा मी ओरडले, तुम्ही आलात. एखाद्या घरी ऐकणारं कुणी नसेल तर?"

तारीख पडेपर्यंत कूलर गॅलरीत गेला. त्याचा प्लग त्यांनी चिंधीत बांधून ठेवला आणि दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर लाल ऑइलपेंटनं ठसठशीत लिहिलं, "करंट येतो. हात लावू नये." माझ्या बाल्कनीतून वर बघितलं की ती अक्षरं दिसायची. भर दुपारी ऊन त्या लाल रंगावर पडायचं आणि मी मान फिरवून आत यायचे. बंद पडलेली वस्तू माणसाकडे बघते आहे असं वाटणं बरं नव्हे, पण वाटायचं.

मे महिन्यात उकाडा असह्य झाला. अनंतराव ओला पंचा डोक्यावर घेऊन बसून असायचे. तशात यमुनाबाईंना भावाच्या घरच्या कार्याला सेलूला जावं लागलं. निघताना त्यांनी नवऱ्याला बजावलं, "कूलरला हात लावायचा नाही. कुणी आलं तर मला फोन करायचा."

त्या गेल्या आणि सर्जेराव आले. टेम्पोत नवा, प्लास्टिक बॉडीचा कूलर. हात जोडून म्हणाले, "काका, झालं गेलं विसरा. काकूंना त्रास झाला, मलाच वाईट वाटतं. जुना न्यायला संध्याकाळी पोरं पाठवतो. तेवढी एक सही द्या, तक्रार मिटली म्हणून."

माणूस दारात येऊन हात जोडतो म्हटल्यावर अनंतराव विरघळले. सही दिली, चहा पाजला, नव्या कूलरवर स्वस्तिक काढलं. इथपर्यंत मी त्यांना माफ करू शकते. त्या उकाड्यात मीही कदाचित तेच केलं असतं. पण संध्याकाळपर्यंत वेळ होता, आणि अनंतरावांवर त्यांच्या आईचे संस्कार होते. कुणाचं भांडं परत करायचं तर घासून, पुसून, लख्ख करून द्यायचं. खरकटं भांडं परत करणं म्हणजे घराण्याची लाज. त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून थिनर आणला. गॅलरीत पाट मांडून बसले आणि दुपारभर त्या कूलरवरचा लाल रंग घासून काढला. एकही अक्षर ठेवलं नाही. वाळ्याच्या जाळ्या धुतल्या, पत्रा खोबरेल तेलानं पुसला. मी ऑफिसातून आले तेव्हा टेम्पो वळणावरून दिसेनासा होत होता. मागं बांधलेला कूलर उन्हात नुसता चमकत होता.

"नव्यासारखा करून दिला," अनंतराव मला कौतुकानं म्हणाले. थिनरनं त्यांच्या बोटांची सालं निघाली होती.

मी जिन्यातच बसले.

यमुनाबाई परत आल्या, गॅलरीत गेल्या, रिकामी जागा बघितली. त्या ओरडतील, भांडी आपटतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "अक्षरंसुद्धा?" अनंतरावांनी मान हलवली. तोवर त्यांनाही उमगलं होतं. सज्जन माणसाला आपली चूक कळते तेव्हा त्याच्याकडे बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दुकानात गेलो. सर्जेराव म्हणाले कूलर कंपनीला परत गेला. कंपनी म्हणाली आमच्याकडे आलाच नाही, डीलरला विचारा. पुढच्या तारखेला दुकानाच्या वकिलानं अनंतरावांची सही दाखवली. यमुनाबाई उठून म्हणाल्या, "बिल माझ्या नावावर, तक्रार माझी. त्यांची सही म्हणजे माझी सही नाही." आयोगानं ते मानलं, आणि कूलर कुठं आहे ते लेखी सांगा असं दुकानाला बजावलं. दुकानानं लेखी दिलं, भंगारात गेला. कुठल्या भंगारात, कुणाला, ताकास तूर लागू दिली नाही. तेल लावून चमकवलेला कूलर ऐन मे महिन्यात भंगारात कोण घालतं? दुकानाबाहेर तर पाटी होती, डेमो पीस स्वस्तात.

तेव्हापासून त्या शोधत आहेत. पट्टीवरचा नंबर त्यांना टेलिफोन नंबरासारखा पाठ आहे. अनंतरावांनी नवा कूलर कधी लावला नाही. उकाड्यात तसेच बसतात, आणि वर्तमानपत्र आलं की आतलं पान आधी उघडतात. तिथं काही नसलं की चहा मागतात.

यंदाच्या एप्रिलमध्ये एके सकाळी त्यांनी चहा मागितला नाही. यमुनाबाई मला हाक मारून म्हणाल्या, "गाडी काढा. शेंद्र्याला जायचंय." बातमी चार ओळींची होती. कूलरमध्ये पाणी भरताना विजेचा धक्का लागून महिलेचा मृत्यू. जालना रोडवर त्या माझ्या स्कूटरवर मागे बसल्या होत्या. माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात जड झाला होता.

घर गावात शिरल्या शिरल्याच सापडलं. अंगणात मांडव, मांडवाखाली चार माणसं गप्प बसलेली. बद्रीनाथ, त्या बाईचा नवरा, कंपनीत पाळीवर जातो आणि उरलेल्या वेळात शेती बघतो. बायकोचं नाव लक्ष्मीबाई. "मी ड्यूटीवर व्हतो," तो म्हणाला. "घरात कोणी नव्हतं. लई वेळ तशीच पडली व्हती ती."

कूलर भिंतीपाशी होता. लोखंडी, तसाच मोठा, तसाच रंग. यमुनाबाईंनी आधी प्लग काढलेला असल्याची खात्री केली. मग मागं जाऊन खाली बसल्या आणि जाळी काढली. आत हिरवी वायर कापून, दुमडून, टेप लावून सोडलेली होती.

त्यांनी चष्मा पुसला. पट्टीवरच्या नंबरावर बोट ठेवून एकेक आकडा वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"हा माझा नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून सुस्कारा निघाला. त्याच क्षणी त्यांनी तोंडावर हात ठेवला. त्या सुस्काऱ्याची लाज त्यांच्या चेहऱ्यावर मी बघितली, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. आणि लगेच त्याच्यामागून दुसरं आलं. वर्षभर आम्ही एक कूलर शोधत होतो. तो एक नव्हताच. ती वायर कुणा एकाच्या हातून चुकून राहिलेली नव्हती.

"दुकानवाल्याचा फोन आलता," बद्रीनाथ म्हणाला. "उद्या टेम्पो पाठवतो म्हणला. ह्यो घेऊन जातो, नवा देतो. पोरगी ल्हान हाय माझी, गरमीनं झोपत नाय."

"देऊ नका," यमुनाबाई म्हणाल्या. "पोलिसांना हा ताब्यात घ्यायला लावा, ही वायर दाखवा. बिल सांभाळा. सही कशावर करू नका. मी तुमच्याबरोबर आयोगात येते, मला रस्ता माहीत आहे. पण हा कूलर ह्या घरातून त्यांच्या हातात जाऊ देऊ नका."

बद्रीनाथ सावकाश म्हणाला, "तुम्ही म्हणल्या, ह्यो तुमचा नाय."

"नाही."

"मग तुमचा कुठंय, आजी?"

यमुनाबाई भिंतीला धरून उठल्या. मांडवाबाहेर ऊन रणरणत होतं आणि गल्लीतल्या घराघरांतून कूलरची घरघर ऐकू येत होती.

"कुणाच्या तरी घरी," त्या म्हणाल्या. "चालू असेल."